दांडा धुतला

"दांडा तेवढा धुऊन घ्या," आबा म्हणाले.

पातं नाही. दांडा.

कुदळ माझी होती. मुकादमाने ती माझ्या हातातून काढून घेतली होती, खुंटीवरचा टॉवेल काढावा तशी. मला विचारलं नाही. खुंटीला कोण विचारतं?

शिरूर तालुक्यात, केंदूरच्या अलीकडचं एक गाव. सभागृहाचं भूमिपूजन. मंडप, हिरवा गालिचा, खुर्च्यांना पांढरे झगे, लिंबाला बांधलेला स्पीकर. आबा म्हणजे त्या भागातले मोठे बागायतदार. सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची, आणि पहिली कुदळही त्यांचीच. तालुक्यात कुठेही जमीन उकरायची झाली की पहिला घाव आबांचा.

आता गंमत ऐका. पूजेसाठी कार्यकर्त्यांनी नवी कोरी कुदळ आणली होती. ताटात, लाल कापडात गुंडाळून, वर झेंडूचा हार. भटजींनी कापड उलगडलं. आत नुसतं लोखंड. दांडाच नाही.

दुकानात कुदळ अशीच मिळते. लोखंड वेगळं, दांडा वेगळा. दांडा आपण आपला बसवायचा, पाचर ठोकायची, रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचा. तेव्हा ती कुदळ होते. जन्मात एकदाही कुदळ विकत न घेतलेली चार शहाणी माणसं दुकानात गेली, "कुदळ द्या" म्हणाली आणि दुकानदाराने दिली. त्याची काय चूक? आबा दोन्ही हातांनी ते बिनदांड्याचं लोखंड धरून उभे राहिले. फोटोवाल्याने तेवढ्यात एक फोटो काढलाही. मी हसलो. तोंड मिटून हसायची आम्हाला सवय आहे, पोटातल्या पोटात.

मग मुकादमाची नजर माझ्याकडे आली.

माझा दांडा बाभळीचा. मीच तासलेला. हात जिथे बसतात तिथे घाम मुरून काळा झालेला. आम्ही बौद्ध. आमची वस्ती पाटसच्या बाजूला, दौंड तालुक्यात. हे मुकादमाला माहीत, आणि मुकादमाचे मजूर कुठले हे आबांनाही माहीत. म्हणून तांब्या आला. तांब्यातून दांड्यावर पाणी ओतलं. भटजींनी बाटलीतून गोमूत्र शिंपडलं. नव्या नॅपकिनने दांडा पुसला, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आजाऱ्याचं अंग पुसावं तसा. पात्याला आदल्या दिवशीची माती तशीच होती. तिच्यावरच हळदीकुंकू लावलं.

मला काही वाटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक विचारतात, तेव्हा तुझ्या अंगाची आग झाली असेल ना? नाही झाली. कान बंद झाले होते. हात लोंबत होते. आपल्याच अंगात आपण नाही, असं.

"ए कुदळ, मागं सर. फोटोत येतोयस."

हे मुकादम मला म्हणाला. कुदळ म्हणजे मी. आमच्या धंद्यात अशीच रीत आहे. मुकादमाला फोन येतो, उद्या तीन कुदळी आणि दोन पाट्या पाठव. तीन कुदळी म्हणजे खोदणारे तीन बाप्ये. दोन पाट्या म्हणजे माती वाहणाऱ्या दोन बाया. माझी बायको पाटी. आमचं लग्न म्हणजे एका कुदळीचं आणि एका पाटीचं. वस्तीत कार्यक्रम असला की मी मुकादमाच्या आवाजात हे लग्न लावून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. इतकी वर्षं मी ते हसण्यावारीच नेलं होतं.

एकाच शब्दाची ही मजा बघा. दुकानदाराला कुदळ म्हणजे लोखंड. मुकादमाला कुदळ म्हणजे माणूस. पेपरवाल्याला कुदळ म्हणजे सोहळा. रस्ता मी खोदतो, पाया मी खोदतो, पाइपलाइनचा चर मी खोदतो, आणि पेपरात येतं, अमक्यांनी कुदळ मारली. मी मारतो ते नुसतं खोदकाम.

आबांनी कुदळ मारली. पातं सपकन आत गेलं. माइकवाला म्हणाला, "पाहा मंडळी, एका घावात." टाळ्या पडल्या. जाणारच होतं आत. आदल्या दिवशी सकाळपासून मी ती जागा उकरून, ढेकळं फोडून, वरून माती सारखी करून ठेवली होती. खाली सगळा मुरूम. तसाच ठेवला असता तर कुदळ उडून आबांच्या नडगीला लागली असती. प्रत्येक भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी हे करावं लागतं. सगळ्यांना ठाऊक असतं. बोलत कोणी नाही.

नारळ फुटला, पेढे वाटले, आबा खुर्चीवर चहाला बसले. मुकादमाने माझी कुदळ गालिच्याच्या कडेला टाकली आणि म्हणाला, लाग कामाला.

मी उचलली. घाव घातला. दांडा हातात फिरला.

ओला दांडा फिरतो. पण माझा दांडा माझ्या हातात कधी फिरला नव्हता. पुन्हा उचलली. पुन्हा फिरला. मी तळहात पँटला पुसले. मग मी तसाच उभा राहिलो, कारण हात वर जाईनात.

बायको पाटी घेऊन समोर उभी होती. मी काय करणार, हे तिला माझ्याआधी कळलं. तिने पाटी खाली ठेवली. तिच्या गुडघ्यांनी तिला बेजार केलं होतं. पुण्याच्या मजूर नाक्यावर पहाटे जाऊन उभं राहणं आता तिला जमत नव्हतं. हे काम एका जागचं, उन्हाळ्यापर्यंत पुरणारं. मी तोंड उघडलं की ते जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

मी आबांपुढे गेलो. विचारलं, "आबा, दांडा का धुतला?"

आबा हसले. माणूस वाईट बोलणारा नाही. "आरं, पूजेचं काम असतंय. त्यात काय एवढं?"

"मग पातं का न्हाई धुतलं? माती तर पात्याला लागलीया."

आबांनी कप खाली ठेवला. मुकादमाकडे बघून विचारलं, "कोन रं ह्यो?"

"आपलीच कुदळ हाय, आबा."

माइक टेबलावर पडला होता. चालू होता. मी उचलला. आवाजाची नक्कल करण्यात मी कोणाला हार जात नाही. त्या माइकवाल्याच्याच गोड आवाजात मी सुरुवात केली, मंडळी, ज्यांच्या कुदळीने आज हे शुभकार्य झालं त्यांचं नाव ऐका. आणि पुढे माझ्या स्वतःच्या आवाजात माझं नाव सांगितलं. बापाचं नाव. आडनाव. वस्ती. मग बायकोचंही सगळं नाव सांगितलं. म्हणालो, "काल ही माती मी मऊ केली. आज माझा दांडा धुतला, का तर त्याला माझा हात लागला हुता. पातं न्हाई धुतलं."

स्पीकरचं तोंड रस्त्याकडे होतं. एसटीला थांबलेली माणसं वळून बघायला लागली.

मुकादमाने वायर उपटली. शिरूरात काम नाही आणि दौंडातही नाही, असं मला बजावलं. आमच्याबरोबरच्या दोन कुदळी आणि एक पाटी खाली बघत राहिल्या. तेही आमच्याच वस्तीतले. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्याही घरी चूल आहे.

आम्ही दोघं निघालो. बरंच अंतर चाललो. मग म्हणाली, "नाव झ्याक घेतलं तुमी. आडनावाला जरा अडखळला."

"तितंच तर समदी अडखळत्यात."

ती हसली नाही. मीही नाही.

मुकादमाने शब्द पाळला. फोन येत नाही. आता मी लांब जातो, मिळेल ते खणतो, आठवड्याने घरी येतो. ती घरी असते. गुडघे तसेच आहेत. आबांचं सभागृह उभं राहिलंय, दारावर त्यांच्या नावाची फरशी आहे. सगळं ठीक झालं, असं मी सांगणार नाही. झालेलं नाही.

पण कोणाच्या घावासाठी मी आता माती मऊ करून ठेवणार नाही. ज्याला मिरवायचं असेल त्याने मुरमावर घाव घालावा. आणि पुन्हा कोणी माझ्या हातातली कुदळ मागायला आलं, तर मी मूठ सोडणार नाही. कुदळ पाहिजे असेल तर हातासकट न्यावी लागेल. गालिच्यावर, पूजेपुढे, फोटोत. पहिला घाव हा हातच घालील. चालत नसेल, तर जमीन तशीच पडू द्या.