हर्सूलची चार मिनिटं

आमच्या ऑफिसात कामापेक्षा संशय जास्त चालतो, म्हणून किस्से साचतात. आम्ही वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्ट-बसचं सॉफ्टवेअर करतो.

आमच्या कोडमधला बसचा ‘क्लास’ म्हणजे सगळ्या बसेसचा एकच साचा. ‘स्टॉपवर दोन मिनिटं थांबणे’ हे त्यातच कोरलेलं होतं. फुलंब्रीकरांना तीन हवी झाली, तेव्हा आमचे साहेब, देशमुख सर, म्हणाले, “आकडा बाहेर काढा, सेटिंग करा.” केलं. आता आकडा कुणालाही बदलता येतो, म्हणून सरांना सगळ्यांचाच संशय!

*

आमच्या वैशालीनं मग दिसेल त्याची सेटिंग केली. सर वैतागले, “उद्या बसला चाकं किती, हे बी सेटिंगमधी टाकशील!”

“टाकलंय सर. डिफॉल्ट सहा.”

*

एकदा डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही भरलं नाही तर धरायचा आकडा, द्यायचा राहिला. थांबायची वेळ झाली शून्य. ड्रायव्हर रफिकभाईंचा फोन, “साहब, हर स्टॉप पे गाडी का टॅबलेट बोला ‘निघा’, मैं निकल गया. कंपनी में अकेला पहुँचा हूँ!”

सर म्हणाले, “या रफिकनं मुद्दाम केलं.”

*

मग नियम आला : प्रत्येक सेटिंगपुढं कारण लिहायचं. दुसऱ्याच दिवशी एका ठिकाणी सापडलं, ‘मला वाटलं म्हणून.’

“कोण हा येडा?”

वैशालीनं कुणी काय बदललं त्याचा लॉग पाहिला. “सर, तुम्हीच.”

*

गेल्या महिन्यात हर्सूलच्या स्टॉपपुढं चार मिनिटं सापडली. कारण कोरं. सर म्हणाले, “रफिकनं कुणाला तरी हाताशी धरलंय. काढा त्याला या रूटवरून!”

मी उठलो. “सर, ते मी टाकलंय. मालती त्याच बसनं कामाला जायची. शेवटी शेवटी जिना उतरायला तिला वेळ लागायचा.”

माझी बायको जाऊन वर्ष झालं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

“दोन करा आता,” सर हळूच म्हणाले. मी केली.

आठवड्यानं पाहिलं तर बस हर्सूलला चारच मिनिटं थांबत होती. सरांनी स्पीकरवर फोन लावला. “रफिकभाई, टॅबलेट दोन मिनिटांनी ‘निघा’ म्हणतो ना? रूट जाईल तुमचा!”

“बोलता है साहब. पर भाभी गेट से हाथ दिखाती थी, आके चढती थी, तब गाडी निकालता था मैं. अब भी पाँव ब्रेक से उठता नई.”

सरांनी फोन ठेवला. माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला, दोनाचे चार केले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मला वाटलं म्हणून.’