कामाचा हात कोणता?

अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. तीन ठिकाणी अडथळे होते. "बायपास करावी लागेल," ते म्हणाले. मी चोपन्न वर्षांचा, स्वारगेटजवळ घड्याळं दुरुस्त करणारा. जिना चढताना छाती भरून यायची, ते मी महिनाभर पित्तावर ढकललं होतं. तुम्ही तसं करू नका.

बायपास म्हणजे तुंबलेल्या रक्तवाहिनीला दिलेला वळसा. त्याला लागणारी नळी, म्हणजे ग्राफ्ट, आपल्याच अंगातून काढतात. मुख्य वाहिनीला छातीतली धमनी जोडायची, हे ठरलेलंच होतं. प्रश्न उरलेल्या दोन जागांचा होता: पायाची शीर की हाताची धमनी?

माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. ती इंटरनेटवरचे कागद छापून घेऊन आली. डॉक्टरांनी ते सभ्यपणे बाजूला ठेवले. "धमनी जास्त टिकते हे खरं, पण अडथळा मोठा असेल तिथेच. एका जागी हाताची धमनी घेऊ, दुसऱ्या जागी पायाची शीर. हात डावा. आपण सही उजव्याने केलीत, पाहिलं मी."

मी मान डोलावली. मोठ्या डॉक्टरांपुढे आपलं तोंड उघडत नाही.

बायकोने, सुनंदाने, उघडलं. "अहो डॉक्टर, शाळेत पट्ट्या खाल्ल्या म्हणून हे उजव्याने लिहितात. दुकानात चिमटा डाव्याच हातात असतो. त्या हाताला काही झालं तर दुकानाला कुलूप."

"हे आपण कधी सांगणार होतात?" डॉक्टरांनी मला विचारलं. "शुद्धीवर आल्यावर?"

मग त्यांनी माझ्या उजव्या मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबल्या आणि एक सोडली. पांढरा पडलेला तळवा पुन्हा लाल झाला. एका धमनीवर हात जगतो की नाही, ते असं बघतात. मला खरी भीती तेव्हा वाटली. ऑपरेशनची नव्हे, कामाचा हात मी नुसती मान डोलावून देऊन टाकत होतो, त्याची.

धमनी उजव्या हातातून घेतली, ऑपरेशन नीट झालं. खोकताना उशी छातीशी धरायची, पाय सुजायचा. तिसऱ्या महिन्यात दुकान उघडलं. चिमटा स्थिर होता. सुनंदाचे उपकार मी मानतो, पण तिच्यासमोर नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर सही कुठल्या हाताने करता ते सांगू नका. काम कुठल्या हाताने करता ते सांगा.

माझा उजवा अंगठा अजून बधिर आहे. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. तोवर लिहायचं कसं? म्हणून हे सगळं डाव्या हाताने लिहिलं, शाळेतल्या त्या पट्ट्यांनंतर पहिल्यांदा. अक्षर गचाळ आलंय, पण पट्टी मारायला आता कुणी नाही.