लूमच्या रंगाची स्टील गिटार

आमच्या घराण्यात वस्तूची किंमत ती हातची गेल्यावरच कळते. मला तर माझी स्वतःचीही अजून कळलेली नाही, पण ते जाऊ द्या. ही गोष्ट काकांच्या स्टील गिटारची आहे.

ही गिटार छातीशी धरायची नव्हे. टेबलासारखी चार पायांवर उभी, वर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं. लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, पेडल दाबलं की सूर रडवेला होऊन वर चढायचा. काका भेस्तानला लूमच्या खात्यात जॉबर. (कारखान्याला सुरतेत आम्ही खातंच म्हणतो.) बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू करणं हे त्यांचं काम, आणि लग्नसराईत ते ऑर्केस्ट्रात ही गिटार वाजवायचे. ती एका पारशी घराच्या माळ्यावरून ऑर्केस्ट्राच्या मास्तरांकडे आली होती. पेडलं बघून बाकीचे वादक पळाले. काकांना मात्र तिच्या पोटातल्या सळया आणि स्प्रिंगा बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. मास्तरांनी ती त्यांनाच देऊन टाकली.

मग नव्वदीनंतर की-बोर्ड आले. एकाच पेटीत बासरी, सनई, गिटार, सगळं. मास्तरांनी काकांना गोडीनेच सांगितलं, पुढच्या सीझनला की-बोर्ड घेऊन या, नाहीतर घरी आराम करा. वर्षभर काका लूमचा खडखडाट सोसायचे ते त्या लग्नसराईच्या भरवशावर. की-बोर्ड घ्यायचा तर गिटार विकण्यावाचून मार्ग नव्हता. ड्रमवाल्याने मुंबईचे एक जुनी वाद्यं घेणारे गृहस्थ गाठून दिले. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते.

आता दसरा म्हटला की आमच्या लूमवाल्या लोकांचे हात शिवशिवतात. खात्यातली एकूण एक मशीन त्या दिवशी घासायची, तेल पाजायचं, हिरवा ऑइलपेंट मारायचा, मग हळदकुंकू आणि नारळ. डब्यात उरलेला रंग काका गिटारसाठी घरी घेऊन आले. काकी म्हणाली, राहू द्या, आहे तशी बरी आहे. काकांनी ब्रश बुडवत तिला विचारलं, "मनी मशीन मी साफ करसू नई ते कोन करी?" मी त्या वेळी घरातला एकुलता बी.कॉम. झालेला, म्हणून माझं मत घेण्यात आलं. मी म्हणालो, झकास.

गृहस्थ आले. काकीने आदल्या दिवशीचा फाफडा आणि जिलेबी पुढे केली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. बॅटरी घेऊन ते जमिनीवर आडवे झाले आणि तळाकडून बघू लागले. एकेक सळी हलवली, पेडलं दाबली, तारांखालचं सूर पकडणारं पिकअप निरखलं. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आमचेही उजळले. मग ते उठून समोर आले.

"इथं कंपनीचं नाव असतं."

"अर्धं उडालेलं होतं साहेब. खरवडून टाकलं."

"आणि या टोकाच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो."

"तो खरबरीत लागायचा," काका अजूनही खुशीत होते, "घासून आरसा केला."

साहेब खुर्चीत बसले. कुंकवाचं बोट लागलेला तो हिरवा लाकडी भाग त्यांनी जरा नखाने खरवडून पाहिला. खाली मूळ रंगही उरला नव्हता. रंग धरावा म्हणून काकांनी आधी सँडपेपर मारला होता. आमच्याकडे काम अर्धवट करत नाहीत.

"ही काय चीज आहे ते मला कळतंय," ते म्हणाले. "पण मी पुढे ज्याला देईन त्याला माझं कळणं पुरणार नाही. त्याला नाव लागतं, नंबर लागतो, मूळ रंग लागतो."

सुटे भाग म्हणून घेऊ का, असं त्यांनी हलकेच विचारलं. की-बोर्डापुरतं त्यात काही निघणार नव्हतं. काका नाही म्हणाले. साहेबांनी जाताना जिलेबीचा एक तुकडा मोडला, बहुधा आमच्यासाठी.

त्या सीझनला आमच्याच गल्लीतल्या लग्नात मास्तरांचा ऑर्केस्ट्रा आला. की-बोर्डवर एक पोरगेला वादक होता. त्याने एक बटण दाबून स्टील गिटार वाजवली. काका पत्रावळीवर मान घालून जेवत होते. "बटनवर बी रडस," एवढंच म्हणाले, आणि वाढप्याकडे भात मागितला.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा डबा घरी आला. काकी काही बोलायच्या आत काकांनी झाकण उघडलं.

"आते आनखी काय बिघडनार शे?" म्हणाले, आणि गिटारला रंगाचा दुसरा हात मारला.