मोझेलकाठी सांत्वनाला

मी जर्मनीला गेल्तो, हे गावात निम्म्या लोकाला अजून खरं वाटत न्हाई. मलाबी कधीकधी वाटत न्हाई. पोरगी तिकडं मोझेल नदीकाठी दवाखान्यात नर्स हाय, तिनं बोलावलं.

पहिल्या दिवशी तिनं नावेत फिरवलं. दोन्ही बाजूला डोंगर भिंतीवानी उभे, आन् त्याच्यावर द्राक्षं! मांडव न्हाई, एकेक वेल खांबाला बांधलेला. खाली माती कमी, पाटीचे काळे तुकडेच जास्त. मी शाळेत एक पाटी फोडली आन् माझं शिक्षण संपलं. इथं डोंगरच्या डोंगर पाटीचा! फवारा कसा मारतेत? छाटणी कवा? एवढ्या चढावर घसरून कोणी नदीत पडत न्हाई का?

पोरगी म्हणली, "आबा, मी नर्स हाय. कृषी सहायक न्हाई."

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या बागेत गेलो. त्याच्या घराच्या वरच्या खोल्या पोरीला भाड्यानं पाह्यजे होत्या, दवाखाना तिथून जवळ. अजून दोघंजण त्याच खोल्या मागून राह्यलते. कोणाला द्यायच्या, ते म्हातारा त्याच दिवशी सांगणार होता.

"आबा, आज शानपणा करू नका."

"बिलकुल बोलत न्हाई."

म्हाताऱ्यानं कौतुकानं घड दाखवला. घड मुठीएवढा, मणी हरभऱ्याएवढे, एकमेकाला चिकटून. आमच्या जालन्याकडं आम्ही विरळणी करून, जादा मणी काढून, एकेक मणी बोराएवढा फुगवतो. म्हणलं, गेला बिचारा, सगळी बाग बसली की याची!

आमच्याकडं गारपिटीनं बाग गेली की मयताला जावं तसं भेटायला जातेत. बोलायचं काही न्हाई, नुसतं जवळ बसायचं. बोलायचं न्हाई हे तर ठरलेलंच होतं. मंग मी टोपी काढली, म्हाताऱ्याला हाताला धरून दगडावर बसवलं आन् पाठीवरून हात फिरवू लागलो.

म्हातारा घाबरून पोरीला काहीतरी बोलला.

"आबा! काय करून राह्यले? त्याला वाटलं तुम्हाला चक्कर आली!"

"माय, त्याला म्हणाव, धीर सोडू नको. पुढच्या साली पिकंल."

"वाईनची द्राक्षं हायेत ती! बारीकच असतेत!"

तरी लाल तोंडानं तिनं त्याला समदं सांगितलं. म्हातारा खोकला लागोस्तोर हसला. एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. गूळच की वो! एवढ्या वर्षात मी नुसतं पाणी फुगवलं का काय?

मंग हसणं थांबवून त्यानं पोरीला एक विचारलं. ती म्हणली, "खरंच लोक भेटायला येतेत का, म्हणून राह्यला. औंदा खालची बाग थंडीनं करपली त्याची."

"कोण आलतं भेटायला?"

तिनं विचारलं. म्हातारा मान हलवत बोलला, ते तिनं मला सांगितलं.

"कोणी न्हाई. शेजारी म्हणले, विमा हाय ना."

मी परत त्याच्याजवळ बसलो. या खेपंला तो घाबरला न्हाई. खाली नदीतून एक लांबलचक बोट चाललती. ती वळणाआड गेल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली आन् पोरीला म्हणला, चल, खोल्या बघून घे.

मी उठाया लागलो, तर पोरगी म्हणली, "तुम्ही बसा आबा. खोल्या मी बघते."