बीपीची गोळी आणि घामाघूम हृदय

मंडळी, आज दुपारी मी विज्ञानाचं कॉमिक वाचत होते. चाळीतल्या सुमनताई डोकावल्या. "ह्या वयात चित्रां बघतंस गो?"

बरं वाटतंय म्हणून ताईंनी बीपीच्या गोळ्या सोडल्यात. मी एक पान पुढे केलं. चित्रातला बीपी वाढलेला माणूस आरामात पेपर वाचतोय. छातीत त्याचं हृदय मात्र घामाघूम होऊन रक्त ढकलतंय.

"ह्येका कायच कळणा नाय?"

"नाही. आमच्या ह्यांनाही झटका येईपर्यंत कळलं नव्हतं."

ताईंनी त्या हृदयावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सांजच्याक डॉक्टराकडे जावया. ता पुस्तक पण घे."

ह्यांना डॉक्टरांनी हेच आधी तोंडी सांगितलं होतं. आम्ही दोघांनी नुसत्या माना डोलावल्या. तुम्हाला कधी कुणी चित्र काढून समजावलंय?