बंबातली राख

इकडे परदेशात, लिक्सलिपला आमच्या भाड्याच्या घरात कोळशाचा स्टोव्ह आहे, लोखंडी, काचेच्या दाराचा. माझे सासरे बाळासाहेब त्याला बंबच म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ते दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाली. गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या सासूबाई ऑगस्टमध्ये कराडला करोनाने गेल्या. पुढचं सगळं परक्या माणसांनी उरकलं.

ऑक्टोबरात गारठा वाढला. चिमणी झाडायला माणूस यायचा होता, त्याआधी स्टोव्हमधली गेल्या हिवाळ्याची राख काढायची होती. "फावड्यानं ओढा आणि बादलीत टाका, दोन मिनिटांचं काम आहे," असं बाबांना सांगून मी ऑफिसच्या मीटिंगला बसले. मीटिंग संपली तरी ते तिथेच. राखेत बोटं घालून न जळलेले खडे वेचत होते आणि एकेक स्टीलच्या वाटीत ठेवत होते.

मला वैताग आला. "बाबा, कोळसा काय कमी आहे का इथे? कशाला वेचत बसलाय?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"सावडतोय," ते म्हणाले. "शिंपडायला थोडं दूध आण."