साखळीवाला

लोक बदली मागतात ती घरासाठी. कोणाची बायको तिकडची, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली, कोणाचा भाऊ धानाचं शेत एकटाच खाऊन राहिलेला. मी बदली मागितली ती बदल्यासाठी. नाकाडोंगरीच्या जंगलात लाइन टाकायच्या कामावर माझं बरं चाललं होतं, फोरमन जीव लावायचा. त्याला म्हटलं, मला पवनीला पाठवा. तो म्हणाला, "काहून बे, तिकडे कोण आहे तुझं?"

"आहे एक जण," मी म्हटलं.

तो एक जण म्हणजे माझा उस्ताद. आयटीआयमधून वायरमन होऊन मी पवनीकडच्या बिजली ऑफिसात अप्रेंटिस लागलो, तेव्हा मला त्याच्या हाताखाली दिलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात बिजली नव्हती. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवायचा. पण पोट्टा बिजलीत लागला म्हणून त्यानं गावभर सांगून टाकलं, मोठ्या तोऱ्यात. त्याला कोण समजावणार, की अप्रेंटिसी म्हणजे नोकरी नव्हे! वर्षभर लाइनमनच्या मागे फिरायचं, आणि शेवटी तो साहेबासमोर सांगणार, पोट्टा कामाचा आहे की नाही. कामाचा म्हटलं तर हेल्पर म्हणून घेणार. नाही म्हटलं तर चालले घरी. माझं सगळं त्या माणसाच्या जिभेवर टांगलेलं होतं.

आणि जीभ कसली, तोफ होती. माणूस दिसायला रुबाबदार, खाकीला कडक इस्त्री, तोंडात पानाचा तोबरा. गावात शिरला की लोक खाटा टाकायचे, चहा यायचा, कोंबडीची बातही निघायची. कामातही तयार होता, ते नाकारत नाही. पहिल्याच दिवशी त्यानं मला शिकवलं, "तारेले कधी सरळ हात लावू नको. उलटा हात लाव. सरळ हातानं तार धरली त मूठ मिटते, सुटत नाही. उलटा हात झटका खाऊन मागं येते." मग आपल्या उलट्या हाताकडे पाहून हसला. "पोट्ट्यायलेही मी उलटाच लावतो."

दुसरी गोष्ट त्यानं शिकवली ती साखळीची. खांबावर चढायच्या आधी लोखंडी साखळीचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि दुसरं टोक तारांवर फेकायचं. चुकून लाइन चालू असली, तर जे व्हायचं ते साखळीवर होतं, माणूस वाचतो. शिकवलं त्यानंच, पण तो स्वतः साखळी टाकायचा नाही. साखळी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली असायची, शोभेला. म्हणायचा, "साखळी भित्र्याले लागते."

त्या दिवशी कोंढ्याचा बाजार होता. सकाळपासून पिठाची चक्की बंद पडली म्हणून तक्रार आली होती. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या खांबावर तारेचा एक जोड जळून लोंबत होता. उस्तादनं एका ओळखीच्या माणसाला गावाबाहेरच्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे पिटाळलं, हँडल खाली ओढून लाइन बंद कर म्हणून. आपण चहा प्यायला बसला. थोड्या वेळानं त्यानं बसल्या जागेवरून चक्कीवाल्याला हाक मारली, "लाइन गेली काय गा?"

"गेली, गेली!" चक्कीवाला ओरडला.

बाजूचा बांगड्यावालाही म्हणाला, "गेली ना बाप्पा, कवाचीच गेली!"

उस्ताद मला म्हणाला, "चढ."

मी खांबाला हात लावला आणि थांबलो. चक्कीवाल्याची लाइन तर सकाळीच गेली होती. म्हणून तर आम्हाला बोलावलं होतं! तो आपल्या चक्कीचं सांगून राहिला होता, डीपीचं नाही. आमच्याकडे बिजली गेली तरी 'लाइन गेली' आणि लाइनमननं बंद केली तरी 'लाइन गेली'. हँडल पडलं की नाही, ते डीपीवर गेलेला माणूस सांगणार, आणि त्याचा तर पत्ता नव्हता.

मी म्हटलं, "उस्ताद, साखळी टाकतो मग चढतो."

"लाइन गेली म्हणून सांगून राहिले ना लोकं! चढ!"

"साखळी टाकल्याशिवाय नाही चढत."

फाडकन उलटा हात बसला गालावर. भर बाजारात. भाजीवाल्या बाया, मेंढ्या घेऊन आलेले, पानठेल्यावरचे, सगळे वळून पाहायला लागले. गाल दुखला नाही, खरं सांगतो. कान पेटले. "मोठा शहाणा लागून गेला! भेकड साला! हे पाय, कशी गेली हाय लाइन ते," असं म्हणत त्यानं स्वतःच कॅरिअरची साखळी सोडली, सळईला अडकवली आणि मला खोटं पाडायला तारांवर फेकली.

धडाम! निळा जाळ निघाला, ठिणग्या उडाल्या, बाया किंचाळल्या, साखळीच्या दोन कड्या वितळून एकमेकींना चिकटल्या. लाइन चालू होती. डीपीवर पाठवलेला माणूस रस्त्यात कोणाशी तरी गप्पा हाणत उभा होता.

मी चढलो असतो तर तिथंच लटकलो असतो. कोणीही माणूस असता तर म्हणाला असता, बरं झालं लेका, वाचलास. पण अख्ख्या बाजारानं त्याची फजिती पाहिली होती, आणि ती माझ्यामुळं झाली होती. चोराच्या उलट्या बोंबा! वर्ष संपलं तेव्हा साहेबानं विचारलं, "हा कसा आहे?" मी समोर उभा होतो. उस्ताद पान एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाला, "पोट्टा चांगला आहे साहेब, पण खांबाले भेते."

झालं. बाकीची पोरं हेल्पर झाली. मी घरी.

बाप दुसऱ्या दिवशी खाली मान घालून बांधीत गेला, आणि तेच जास्त लागलं. गाव बोललं. उस्तादनं माझं नाव साखळीवाला पाडलं होतं. ते कोंढ्याहून आमच्या गावी माझ्याआधी पोचलं. "काय साखळीवाले, बकरी बांधायची आहे, देता काय?" पवनीच्या राइस मिलमध्ये मोटारी पाहायचं काम धरलं, तर तिथले हमालही तेच म्हणायचे. एक सोयरीक आली होती, तीही फिरली. भेकडाला कोण पोरगी देणार? बाप गेला तेव्हा मी मिलमध्येच होतो. पोरगा लाइनमन झालेला त्यानं पाहिला नाही. हे मी उस्तादच्या नावावर मांडून ठेवलं आहे आणि तिथून कधी पुसणार नाही.

मग तुमसरकडे, नाकाडोंगरीच्या जंगलात, लाइनीच्या कामाला माणसं घेऊन राहिले, असं ऐकून गेलो. तिथल्या फोरमननं माझं साखळी टाकणं पाहिलं आणि म्हणाला, असाच माणूस पाहिजे होता. कायम झालो, लाइनमन झालो, लग्नही झालं. माणूस म्हणेल आता सोड बाप्पा, झालं गेलं वैनगंगेला मिळालं. नाही मिळालं! दाढी करताना रोज गालावर हात फिरायचा आणि मला तो बाजार दिसायचा. म्हणून बदली मागितली.

पवनीला हजर झालो. उस्ताद रिटायर व्हायला टेकला होता. केस पिकले होते, पीळ तोच होता. मला पाहून साऱ्या ऑफिसासमोर म्हणाला, "अरे, साखळीवाला! भेव गेलं काय तुझं?" मी हसून म्हटलं, "कुठं उस्ताद, तसंच आहे." आणि वाट पाहत राहिलो. वाट पाहण्यात मी पक्का झालो होतो.

दिवस आला तो बाजाराचाच आला. कोंढा, तोच कोपरा, तोच खांब, जोड पुन्हा जळलेला. माणसं कमी होती म्हणून आम्ही दोघंच गेलो. मी स्वतः डीपीवर गेलो, हँडल खाली ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. परत येऊन खांबाजवळ उभा राहिलो. उस्ताद म्हणाला, "चढ."

मी मोठ्यानं म्हटलं, "मी कसा चढू उस्ताद? मी खांबाले भेतो. तुम्हीच त सांगलं होतं साहेबाले."

पानठेल्यावर हशा झाला. चक्कीवाला बाहेर आला, बांगड्यावाला पेटी सोडून आला. उस्तादनं इकडंतिकडं पाहिलं. चढला. दुसरा इलाज नव्हता. वर जाऊन पट्टा बांधला, दम खाल्ला आणि खाली पाहिलं.

"बंद केली काय?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"गेली उस्ताद, गेली!" चक्कीवाला ओरडला. तो 'गेली' ऐकून उस्तादचा चेहरा पांढरा पडला. त्या 'गेली'ची किंमत बाजारात आम्हा दोघांनाच माहीत होती.

"तुले विचारून राहिलो बे. बंद केली काय?"

मी माझ्या सायकलच्या कॅरिअरवरच्या साखळीवर हात ठेवून उभा होतो. त्यानं उलटा हात तारेजवळ नेला, मागं घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागं घेतला. मानेवरून घाम गळत होता. मला गोड वाटलं. खोटं कायले बोलू? इतकं गोड आयुष्यात दुसरं काही वाटलं नाही.

"साखळी टाक," तो म्हणाला.

"साखळी कायले पाहिजे? साखळी भित्र्याले लागते."

"टाक ना बे!"

"भेता काय उस्ताद?"

त्यानं खांबाला मिठी मारली.

"भेतो," तो म्हणाला. हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"भेतो ना बाप्पा! भेतो मी! टाक साखळी!"

मी साखळी सोडली, सळईला बांधली आणि फेकली. आवाज नाही, ठिणगी नाही. साखळी मुकाट तारांवर पडून राहिली. मी खिशातून किल्ली काढून वर दाखवली. "लाइन कवाचीच गेली हाय, उस्ताद. करा काम."

त्यानं जोड बांधला आणि उतरला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा उलटा हात वर आला, आणि मी गाल पुढे केला. त्या हातानं त्यानं स्वतःचं कपाळ पुसलं, सायकल घेतली आणि निघाला.

मी तारांवरची साखळी उतरवली, डीपीवर जाऊन कुलूप काढलं आणि हँडल वर केलं. चक्की घुरघुरायला लागली. बाजारातून परतलो तेव्हा बांगड्यावाला रस्त्याकडे हात करून मला म्हणाला, "तुमचा तो साखळीवाला गेला पाहा पुढं."